बिबट्या परवडला

मामाला बिबट्या दिसला ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. २०१८ चा हिवाळा, जुन्नर तालुक्यातलं गाव, आणि शेतीच्या विजेची त्या आठवड्यात रात्रपाळी. थ्री-फेज लाईट साडेअकराला येणार म्हणून मामा कांद्याला पाणी भरायला निघालेला. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, खिशातल्या मोबाइलवर मुद्दाम मोठ्यानं लावलेलं भजन. उसाच्या कडेनं बांधावरून जाताना बॅटरीच्या झोतात आधी दोन डोळे चमकले आणि मग त्यांच्यामागचा अख्खा बिबट्या दिसला. मधलं अंतर, मामाच्या हिशेबानं, एका बैलगाडीएवढं.

"पायच उचलंना," तो सांगतो. "ओरडावं म्हटलं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. पोटात असा खड्डा पडला. आणि काळीज एवढ्यानं वाजत होतं, की वाटलं, ह्याच आवाजानं येतोय आता अंगावर."

बिबट्या आला नाही. एकदा बघितलं आणि उसात शिरला. मामा काठी, चप्पल सगळं टाकून घराकडे पळत सुटला. तारेच्या कुंपणात पोटरी फाटली होती, ते घरी मामीनं रक्त दाखवल्यावर त्याला कळलं. तासाभरात चहा पिऊन तो स्वतःच्याच पळण्यावर हसत होता. पहाटे शेजाऱ्याला सोबत घेऊन मोटर चालूही करून आला.

आता त्या वर्णनाकडे परत बघा. भीतीबद्दलचे आपले मराठी वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या तासाला जसेच्या तसे चालतील. तोंडचं पाणी पळतं, कारण लाळ खरोखरच आटते. लाळ हा पचनाचा पहिला टप्पा, आणि घराला आग लागलेली असताना कुणी भांडी घासत बसत नाही. पोटात गोळा येतो, कारण आतड्यांकडे चाललेलं रक्त मांड्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंकडे वळवलेलं असतं. अंगावर काटा येतो, कारण केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळतात. मांजराला त्याचा उपयोग होतो, ते फुगून दुप्पट दिसतं. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, नुसती सवय उरली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. रक्त गोठण्याची तयारी वाढते, म्हणजे लचका तुटलाच तर वाहणारं रक्त लवकर थांबावं. आणि पोटरी फाटल्याचं कळत नाही, कारण मेंदूनं वेदनेचा आवाज तेवढ्यापुरता बारीक करून ठेवलेला असतो.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी, तेही मांजरांमध्येच. क्ष-किरणांखाली मांजराचं पचन बघत असताना त्यांच्या लक्षात आलं, की मांजर निवांत असलं की जठर लाटांसारखं हलतं. तेच चिडलं-घाबरलं की जठर जागच्या जागी थांबतं. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांनी १९१५ मध्ये मांडली ती असल्या निरीक्षणांतून.

हा निरोप शरीरभर दोन वाटांनी जातो. पहिली वाट तारेची. मेंदूकडून निघालेल्या नसा हृदयाला, रक्तवाहिन्यांना आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना जाऊन भिडतात. ग्रंथीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन रक्तात पडतं आणि काही सेकंदांत छाती धडधडायला लागते. दुसरी वाट टपालाची. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस खालच्या पिट्युटरी ग्रंथीला चिठ्ठी देतो, पिट्युटरी तिच्या नावची चिठ्ठी रक्तातून अ‍ॅड्रिनलला धाडते, आणि मग ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल सुटतं. टपालच ते, वेळ लागतो. कॉर्टिसॉल सगळ्यात वर पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं जातात. म्हणजे मामा घरी पोचून चहाचं आधण ठेवलं गेलं, तेव्हा कुठे त्याचा जोर आला असणार.

कॉर्टिसॉलची सध्या फार बदनामी चालली आहे. अमुक काढा प्या आणि कॉर्टिसॉल 'बाहेर काढा', असे व्हिडिओ मलाही रोज येतात. ते पाहून माझंच कॉर्टिसॉल वाढतं. हे हार्मोन पुरतं बंद झालं तर माणूस जगत नाही. ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होतात त्यांना ते आयुष्यभर गोळ्यांतून घ्यावं लागतं. निरोगी माणसात ते रोज पहाटेपासून चढतं, जाग आल्यानंतर अर्ध्या तासात कळसाला पोचतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाशी जातं. सकाळी अंथरुणातून उठायचं बळ देण्यात त्याचा वाटा असतो. संकटात ते यकृताला सांगतं, साखर तयार कर आणि रक्तात सोड, स्नायूंना लागणार आहे.

यातला महत्त्वाचा भाग थांबण्याचा. पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, पाणी भरलं की गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूपर्यंत पोचलं की हायपोथॅलॅमसला कळतं, पुरे आता, आणि चिठ्ठ्या थांबतात. बिबट्याच्या रात्री मामाच्या शरीरानं हे सगळं चोख केलं. पेटलं, धावलं, विझलं.

दुसरी गोष्ट मामा स्वतःहून कधी सांगत नाही. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. मामाचा लाल कांदा तेव्हा नुकताच काढणीला आलेला. वर विहिरीवरून केलेल्या पाइपलाइनचं सोसायटीचं कर्ज, आणि धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी. भाव पडला त्या दिवशी काही घडलं नाही. कुणी ओरडलं नाही, मामाची पोटरी फाटली नाही. फक्त तो रात्री दीडला जागा व्हायला लागला. मग उठून ओट्यावर तंबाखू मळत बसायचा. शनिवारचं भजन सुटलं. जेवायला बसला की दोन घासांत पोट भरायचं, आणि तरी पट्टा एक भोक पुढे गेला. मान धरली ती महिनाभर सुटली नाही. गुढीपाडव्यानंतर गावात तपासणी शिबिर होतं, तिथे बीपी निघाला १६८/१०४, उपाशीपोटीची साखर १३८. चार दिवसांनी परत मोजलं, फार फरक नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा."

मामा म्हणाला, "करतो की. तेवढं सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा."

घरी आल्यावर माझ्याशी फोनवर बोलताना म्हणाला, "अगं, त्यापरीस बिबट्या परवडला. दिसला, गेला, मिटलं."

डॉक्टरकीचं शिक्षण न घेता त्यानं या विषयाचा गाभा एका ओळीत सांगितला होता. शरीराकडे संकटासाठी एकच यंत्रणा आहे. ती काही मिनिटांच्या बिबट्यासाठी घडलेली आहे, आणि आपण ती महिनोन्महिने चालणाऱ्या हप्त्यासाठी वापरतो. हप्त्याशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. यकृतानं सोडलेली साखर जाळायला कुणी धावत नाही. गोठायला तयार झालेल्या रक्ताला बुजवण्यासारखी जखम कुठे झालेली नसते. आणि बॉलकॉक सतत पाण्यात राहून राहून अडकायला लागतो: मेंदूला 'पुरे' हा निरोप नीट ऐकू येईनासा होतो.

दीर्घकाळच्या ताणाचे ठसे शरीरात उमटतात हे सापडलं तेही काहीसं चुकून. मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेली नावाचे तरुण संशोधक उंदरांना वेगवेगळ्या अवयवांचे अर्क टोचून नवं हार्मोन शोधत होते. काहीही टोचलं तरी तीनच बदल दिसायचे: अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, आणि जठरात जखमा. नुसतं फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच. उंदीर गारठ्यात ठेवले, दमेपर्यंत पळवले, तरी तेच. नवं हार्मोन मिळालं नाही, पण शरीर कुठल्याही छळाला एकाच साच्याचं उत्तर देतं हे मिळालं. १९३६ मध्ये त्यांनी ते एका छोट्या पत्रात छापलं. त्यासाठी पुढे रूढ झालेला 'स्ट्रेस' हा शब्द इंजिनिअरांच्या भाषेत लोखंडी तुळया-पुलांवर येणाऱ्या भाराचा. मराठीतला 'ताण' त्याहून बरा वाटतो मला. दोरी ताणली जाते, आणि सोडली की सैल पडते, हे त्यात आपसूक येतं.

हृदयापासून सुरू करू, कारण तिथे पुरावा सगळ्यात भक्कम आहे आणि नुकसानही. अचानक बसलेल्या धक्क्याचं आधी. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. त्या भागात हृदयविकारानं अचानक होणारे मृत्यू एरवी दिवसाला सरासरी पाचाहून कमी. त्या दिवशी २४ झाले. यातले बहुतेक ढिगाऱ्याखाली सापडलेले नव्हते. पुढच्या काही दिवसांत हा आकडा नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे ज्यांच्या धमन्या आधीच चोंदलेल्या होत्या, ज्यांचं थोड्या दिवसांत काही झालंच असतं, त्यांना भूकंपानं आधी गाठलं. यासाठी भूकंपच लागतो असंही नाही. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या दुखण्यांचं प्रमाण नेहमीच्या अडीच पटींहून जास्त झालं होतं. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याला 'बीपीची गोळी घेऊन बसा' म्हणतात, ती थट्टा अगदीच निराधार नाही.

एक विकार तर निव्वळ धक्क्याचाच आहे. १९९० च्या सुमाराला जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या. हृदयाचा खालचा भाग मात्र फुगलेला आणि मलूल, वरची मान चिंचोळी. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जे मडकं टाकतात, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. हृदयाचा आकार तसा दिसला म्हणून हेच नाव पडलं. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेल्या बायका, आणि पुष्कळदा मागे एखादा मृत्यू, वाईट बातमी, मोठी भीती. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, सगळ्यांचं नाही. 'नवऱ्यामागं चार दिवसांत गेली, काळीजच फाटलं बिचारीचं' असं आजी म्हणायची, तेव्हा आम्ही ते भाबडं बोलणं समजायचो.

पण मामाची गोष्ट धक्क्याची नाही, झिजण्याची आहे. अ‍ॅड्रिनलिन पुन्हा पुन्हा चढलं की रक्त दाबानं वाहतं, आणि दाबानं वाहणारं रक्त धमन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला घासतं. घासल्या जागी सूज, सुजल्या जागी चरबी आणि पेशींचा थर, आणि वर रक्त गोठायला टपलेलं. २००४ मध्ये ५२ देशांतल्या, त्यात भारतही होता, पहिला हार्ट अटॅक आलेल्या सुमारे १५ हजार लोकांची निरोगी लोकांशी तुलना करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका वाढवणाऱ्या मुख्य गोष्टींत धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह यांच्याच पंक्तीला मानसिक-सामाजिक ताण बसला होता.

पण कुणाचा ताण? इथे मला सगळ्यात बोलका वाटतो तो लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतला अभ्यास. व्हाइटहॉल हा तिथला मंत्रालयाचा रस्ता. १९६७ पासून तिथल्या सतरा-अठरा हजार पुरुष नोकरांच्या तब्येतीचा माग ठेवला गेला. मायकेल मार्मट यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. सगळ्यांची अपेक्षा अशी, की मोठ्या जबाबदारीचा साहेब आधी आडवा होणार. झालं उलटं. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-निरोप्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीच्या आसपास निघालं, आणि पायरी-पायरीनं ते चढत गेलेलं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही बराच फरक उरतच होता. पुढे १९८५ पासून बायकांनाही घेऊन दुसरा अभ्यास झाला, त्यात एक कारण ठळक दिसलं: आपलं काम कधी, कसं, कुठल्या क्रमानं करायचं यावर स्वतःचा ताबा किती. काम खूप आणि ताबा शून्य, हा मेळ हृदयाला महागात पडतो.

मामा कुणाचा नोकर नाही. पण लाईट कधी येणार, कांद्याला काय भाव मिळणार, पाऊस कधी पडणार आणि निर्यात कधी बंद होणार, यातलं एकही त्याच्या हातात नाही. ताबा या शब्दाचा अर्थ मला त्या अभ्यासापेक्षा त्याच्या ओट्यावर जास्त कळला.

साखरेचं गणित त्यामानानं सरळ. कॉर्टिसॉल यकृताला साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचं ऐकू नका असं पेशींना शिकवतं. वर, जादा ऊर्जा साठवायला त्याची आवडती जागा म्हणजे पोटाच्या आतली चरबी, म्हणून हातपाय वाळले तरी पट्टा पुढे सरकतो. हे अतिरेकी रूपात बघायचं तर २०२१ ची दुसरी लाट आठवा. कोविडच्या रुग्णांना जीव वाचवायला स्टेरॉइड दिली गेली, तीही कॉर्टिसॉलचीच भावकी. कित्येकांची साखर चारशेच्या घरात गेली, प्रतिकारशक्ती दबली, आणि आधीच मधुमेह असलेल्यांना, किंवा ही औषधं गरजेपेक्षा जास्त घेतलेल्यांना 'काळ्या बुरशी'नं गाठलं. ताणामुळे शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल त्या डोसाच्या पासंगालाही पुरत नाही. पण दिशा तीच, आणि ते महिनोन्महिने चालतं.

प्रतिकारशक्तीवरचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. जखम किती दिवसांत भरली, एवढंच बघायचं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे जवळपास ४० टक्के. सुट्टीइतक्या वेगानं एकाचीही भरली नाही. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्दीचंही तसंच. शेल्डन कोहेन यांनी धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले आणि कुणाला सर्दी होते ते पाहिलं. ताण जितका जास्त तितकी सर्दीची शक्यता जास्त. पण पुढच्या अभ्यासात एक बारकावा कळला, आणि तो मामाच्या बाजूनं साक्ष देणारा आहे: महिनाभराच्या आत मिटलेल्या तणावानं काही फरक पडत नव्हता. महिना किंवा त्याहून जास्त चाललेल्यानं पडत होता, मुख्यतः कामधंद्याच्या आणि नात्यांमधल्या कटकटींनी.

आता पोट. 'टेन्शननं अल्सर होतो' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खोटं आहे असं सांगितलं तरी पटत नाही. ते अर्धं खोटं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं, की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली; २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सर अँटिबायोटिकनं बरा व्हायला लागला, आणि ताण निर्दोष सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण १९९५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या भूकंपानंतर त्या भागात रक्तस्राव होणारे अल्सर वाढले, विशेषतः म्हाताऱ्यांमध्ये. जिवाणू तर आदल्या दिवशीही पोटात होताच. तेव्हा बी जिवाणूचं आणि मशागत ताणाची, असं म्हणता येईल. वेदनाशामक गोळ्या वारंवार खाणाऱ्यांनी ताणाला दोष देण्याआधी त्या गोळ्यांकडे बघावं, त्या एकट्याही अल्सर करू शकतात. परीक्षेच्या सकाळी जुलाब होणं मात्र बहुधा ताणाचंच काम: जठर थांबतं पण मोठं आतडं उलट घाई करतं.

बाकीचं भराभर सांगते. केस मोठ्या धक्क्यानंतर लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून कारण आठवत नाही आणि तेलाला दोष जातो. बहुधा ते परत येतात. पाळी पुढे-मागे होते, कारण ज्या हायपोथॅलॅमसकडून ताणाच्या चिठ्ठ्या निघतात त्याच्याचकडून पाळीच्याही निघतात, आणि आणीबाणीत तो त्या थांबवतो. मान, खांदे, जबडा नकळत आवळलेले राहतात, त्यातून डोक्याला पट्टा आवळल्यासारखी डोकेदुखी. झोपेचं तर दुष्टचक्रच: ताणानं झोप उडते आणि न झालेली झोप स्वतःच शरीराला संकट वाटते.

आणि एक आडवाट असते, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. कांद्याच्या त्या वर्षात मामाची तंबाखू दुप्पट झाली, शेतावरची फेरी निम्मी झाली, रात्री जागून फरसाण खाणं सुरू झालं. बीपीच्या त्या आकड्यात कॉर्टिसॉल किती, तंबाखू किती, मामीच्या हातचं लोणचं किती आणि आजोबांकडून आलेलं किती, हे वेगळं करून कुणीच सांगू शकणार नाही. 'सगळं टेन्शनमुळे' म्हणणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. छातीत दुखणं, दम लागणं, हाताला मुंग्या हे 'टेन्शन असेल, गॅस असेल' म्हणून घरी काढायचं दुखणं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं. आधी ईसीजी, कारणमीमांसा नंतर. आणि डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी प्राणायाम सुरू केला म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही.

मग बॉलकॉक सैल कसा करायचा? सगळ्यात जलद वाट श्वासाची, आणि तिच्यात गूढ काही नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, कारण सोडताना व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाला लगाम घालते. सोडणं जितकं लांब, तितका लगाम जास्त वेळ. २००१ मध्ये काही युरोपीय संशोधकांनी लोकांना लॅटिन जपमाळ आणि 'ओम मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावून मोजलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा सुधारलेली दिसली. हे वाचलं तेव्हा मला मामाचं सुटलेलं भजन आठवलं. अभंगाची ओळ एका दमात लांबवायची म्हणजे सोडणं लांबवायचंच, वर चार माणसांची सोबत. भजनावर असा अभ्यास झालाय असं मी म्हणत नाही. पण ताण आला की माणूस नेमकं तेच आधी सोडतो ज्यानं तो उतरला असता, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय: चालायला जाणं, पत्त्यांचा डाव, बहिणीला फोन.

चालणंही कामी येतं, आणि ते का हे आता कळलं असेल; 'पळा' म्हणून सोडलेली साखर निदान थोडी तरी पळण्यात खर्च होते. बोलणंही येतं. घरात बोलता येत नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीतही. 'मरावंसं वाटतं' इथपर्यंत गोष्ट आली असेल तर तिथे, नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी.

एवढं सांगून झाल्यावरही मामानं सेक्रेटरीबद्दल जे म्हटलं ते मला खोडता येत नाही. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलं. अशा माणसाला साहेबानं ध्यानधारणेचं ॲप भेट द्यावं, याला काय म्हणायचं?

मामाच्या बाबतीत गोळी चालू झाली, तंबाखू कमी झाली (सुटली नाही), कर्जाचे हप्ते लांबवून मिळाले. भजनाला परत जायला लागला तो मामीच्या बोलण्यामुळे. मी त्याला बीपी मोजायचं मशीन नेऊन दिलं. तो रोज सकाळी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. त्याच चौकोनात त्याची विजेची नोंद पूर्वीपासूनची, दिवसा लाईट असेल तर 'दि', रात्री असेल तर 'रा'. गेल्या दिवाळीत सहज ते पान चाळताना मला दिसलं, 'रा' असलेल्या आठवड्यांत वरचा आकडा बहुतेक वेळा दीडशेच्या पुढे, 'दि'च्या आठवड्यांत एकशे पस्तीस-चाळीस. एका माणसाच्या कॅलेंडरवरून शास्त्र ठरत नाही, पण मी ते त्याला दाखवलं.

त्यानं चष्मा लावून दोन-तीन महिन्यांची पानं मागे-पुढे केली.

"म्हणजे हा कागद डॉक्टरला कशाला," तो म्हणाला, "वायरमनला द्यायला पाहिजे." आणि बॅटरी चार्जिंगला लावायला उठला. त्या आठवड्यात 'रा' होती.